बडे बाबूंचा शेरा

शरदचंद्रांच्या तोंडाला वास येत असे, आणि तो साधासुधा वास नव्हता. नवा माणूस त्यांच्याजवळ बसला की आधी खुर्चीखाली बघे, कुठं उंदीर तर मेला नाही ना म्हणून. खालच्या हिरड्या सुजून जांभळ्या झालेल्या, दोन दात लटलट हलणारे, आणि ज्या दाढेवर सात वर्षांपूर्वी टोपी बसवली होती, तिच्या बुडाशी बोट दाबलं की पिवळं यायचं. हे दाबायचं काम ते रोज सकाळी आरशासमोर उभं राहून मोठ्या आवडीनं करत. दाबायचं, बोटाकडं बघायचं, थुंकायचं आणि वर खर्रा तोंडात टाकायचा. मागनं बेसिनवर पाणी ओतायचं काम उमाबाईंचं.

डब्याचं कामही उमाबाईंचंच. डालड्याचा एक जुना डबा, तळाशी राख घातलेला, शरदचंद्रांच्या आरामखुर्चीच्या उजव्या पायापाशी असे. दिवसभर ते त्यात थुंकत. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो खर्रा, त्याचा लाल चोथा, त्यावर फेस, आणि अलीकडे त्या फेसात रक्ताची एखादी तार. रोज सकाळी उमाबाई नाकाला पदर लावून, डबा वर्तमानपत्रात धरून, परसातल्या खड्ड्यात रिकामा करत. अडतीस वर्षांत त्यांनी त्या डब्याला उघड्या हातानं कधी शिवलं नव्हतं. किळस ही सवयीनं कमी होते असं म्हणतात. साफ खोटं आहे. उमाबाईंची वाढतच गेली होती.

आता अशा माणसाकडं लोक तब्येतीचा सल्ला घ्यायला यायचे, हे सांगितलं तर कुणाला पटेल? पण यायचे. शरदचंद्र एका सरकारी कार्यालयातून बडे बाबू म्हणून निवृत्त झाले होते. बत्तीस वर्षं त्यांच्या टेबलावरून फायली गेल्या, आणि प्रत्येक फाइलवर लाल पेनानं त्यांचा शेरा पडला. नोकरी सुटली तरी पेन सुटलं नाही. मग त्यांना अटॅक आला, गोंदियाला जाऊन हृदयाच्या नळीत छल्ला, म्हणजे स्टेंट, टाकून आणावा लागला, आणि वर्षभरानं तपासणीचा जो कागद हाती आला त्यात एक ओळ निघाली. गुड कोलेस्टेरॉल, एकाहत्तर.

बस्स, अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले. "एकाहत्तर! चाळीसच्या वर असलं म्हंजे लोकं खुश होतात. मी फर्स्ट डिव्हिजन," असं दूधवाल्यापासून नातलगांपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. कागदाला प्लास्टिक मारून घेतलं आणि निवृत्तीच्या मानपत्राशेजारी लटकवलं.

त्याच कागदावर आणखी एक ओळ होती, ती कुणाला दाखवत नसत. सीआरपी. तिच्यापुढं ठळक अक्षरात आकडा होता आणि त्यापुढं बाण, वर गेलेला. गोंदियाच्या डॉक्टरनं त्याच ओळीवर बोट ठेवलं होतं. उमाबाई शेजारच्या खुर्चीत होत्या, त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता.

"गुडचं कौतुक नंतर करा," डॉक्टर म्हणाला होता. "ही ओळ सांगते की अंगात कुठंतरी सूज आहे, आतल्या आत धुमसून राह्यलं. अंग असं धुमसत असलं की ते गुड आपलं काम करतंच याची हमी कोणी देत नाही. काही लोकांत तर उलटं दिसलंय, गुड भरपूर आणि अटॅक दुसऱ्यांदा. ज्याला एकदा येऊन गेला त्यानं या एका आकड्यावर निजू नये. गोळ्या एक दिवस चुकवायच्या नाहीत, आणि पहिले या हिरड्या दाखवा दातवाल्याले. वास मले इथपर्यंत येऊन राह्यला."

घरी आल्यावर शरदचंद्रांनी काय केलं? लाल पेन काढलं, सीआरपीच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "अप्रासंगिक". खाली कार्यालयातल्या सवयीच्या हिंदीत लिहिलं, "अवलोकन किया. गुड पर्याप्त. दवा की आवश्यकता नहीं." मग लहान सही आणि तारीख. गोळ्यांचा डबा कपाटावर गेला.

"अहो, डॉक्टरनं काय सांगितलं ते ऐकलं ना तुमी?" उमाबाई म्हणाल्या होत्या.

"डॉक्टरचं काम घाबरवायचं हाय. कागद वाचाले अक्कल लागते, उमा. बत्तीस वर्षं कागदच वाचले मी."

त्या दिवसापासून रविवारी सकाळी व्हरांड्यात दरबार भरू लागला. निवृत्त मास्तर, निवृत्त पटवारी, भरवेलीच्या खाणीतून निवृत्त झालेले दोघं-तिघं. सगळे आपापल्या तपासणीचे कागद घेऊन येत, बडे बाबू चष्मा लावून बघत, नको त्या ओळी कापत, शेरा मारत. लोक हसत हसत येत आणि हसत हसत जात. बहुतेकांना ती करमणूक होती, गोळ्या मात्र घरी जाऊन मुकाट्यानं घेत. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, असं उमाबाईंच्या दर रविवारी मनात यायचं. त्या चहा द्यायच्या आणि आत यायच्या.

करमणूक न समजणारा एकच माणूस होता, महागू.

महागू त्यांच्याच कार्यालयात वीस वर्षं चपराशी होता. बाबूसाहेबांची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर नेणं आणि दिवसातून सहा वेळा बाबूसाहेबांचा खर्रा घोटून देणं, ही त्याची नोकरी. घोटता घोटता खर्रा त्यालाही लागला. निवृत्त झाल्यावर तो लामत्याजवळच्या आपल्या गावी गेला. पाच महिन्यांपूर्वी त्याला अटॅक आला, नागपूरला नेऊन छल्ला टाकला. शेरा म्हणजे काय, हे महागूइतकं कोणाला कळत नव्हतं. ज्या कागदावर बाबूसाहेबांचं लाल अक्षर पडलं तो कागद पुढं सरकतो, ज्यावर नाही पडलं तो कुजतो, हे त्यानं वीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं.

तो नोव्हेंबरातल्या एका रविवारी दरबार उठल्यावर आला, बायको शांताबाईला घेऊन, उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी घेऊन. खुर्चीवर बसला नाही. पायरीवर बसला.

"साहेब, एवढं पाहून द्या. गोळ्या लई हायेत. खाल्ल्या का तोंडात कडू कडू होते."

शरदचंद्रांनी कागद हातात घेतला. "अरे वा! गुड अडुसष्ट! महागू, तू त माह्या बरोबरीले आला!"

महागू असा लाजला की जणू साहेबांनी त्याला शेजारी बसवून जेवू घातलं. उमाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना तिथून त्या कागदावरचा बाण दिसला. सीआरपीपुढचा, वर गेलेला. महागूनं हसायला तोंड उघडलं तेव्हा त्याच्या हिरड्याही दिसल्या, तशाच सुजलेल्या, तशाच जांभळ्या. लाल पेन त्या ओळीवरून फिरलं. अप्रासंगिक.

उमाबाईंचं तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर आला होता. मग शरदचंद्रांनी मान वळवून एकदा त्यांच्याकडं पाहिलं, परक्यांसमोर बायको बोलली तर काय होतं ते सांगणारी ती जुनी नजर. उमाबाईंनी मूग गिळले. "चहा घ्या भाऊ," एवढंच म्हणाल्या.

शेरा पडला. महागूनं कागद दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला.

त्यानंतर अकराव्या दिवशी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, फाटक वाजलं. शांताबाई एकटीच होती. पायात चप्पल नव्हती, हातात पॉलिथिनची पिशवी होती, कागदांनी भरलेली.

"वयनी, साहेब हायेत का? याइले सकाळी पुन्हा अटॅक आला. सरकारी दवाखान्यात आणलं हाय. पियुष हाय त्याइच्यापाशी." पियुष म्हणजे तिचा मुलगा.

शरदचंद्र आरामखुर्चीत बसले होते. ऐकून त्यांचा चावता जबडा थांबला.

"साहेब, डॉक्टरीणबाई एकच गोष्ट इचारून राह्यली. गोळ्या कवापासून बंद केल्या, पक्की तारीख सांगा म्हंते. रगत पातळ कराची गोळी होती म्हंते त्याइची, छल्ल्याची. तारीख समजली त नागपूरले फोनवर सांगतो म्हंते, तिथं तयारी करून ठेवतीन. आता मले कुठची तारीख येते? पियुष तवा तिरोडीले होता कामावर. मी म्हटलं, साहेबानं कागदावर टाकली हाय तारीख. वाचाले डॉक्टरले घाई, अन् कोणता कागद तो मले समजत नाही. तुमीच काढून द्या. अन् तुमी संगं आले त लई बरं होईन. तुमी बोललेलं समजते त्याइले."

तिच्या आवाजात राग नव्हता. हे उमाबाईंना आधी कळलंच नाही. ही बाई जाब विचारायला आली नव्हती. ही अजूनही साहेबांकडंच आली होती.

शरदचंद्र उठले. "दे, पाहू दे. चष्मा आत हाय." पिशवी घेऊन आत गेले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

दोन मिनिटांनी बाहेर आले आणि पिशवी शांताबाईच्या हातात दिली. "हा वरचा कागद. हा दाखव. अन् पाहा, गोळ्या महागूच इसरला असंन. मी कधी बंद कर म्हणालो? मी काय डॉक्टर हाय?"

शांताबाईनं कागद उलगडला. अक्षर तिला वाचता येत नव्हतं, पण रंग कळत होता. कागदाचा खालचा पट्टा नव्हता. फाटलेली कड ताजी, पांढरीशुभ्र होती.

"साहेब, खालती लाल होतं ना..."

"फाटकंच होतं ते. तूच पिशवीत कोंबलं असंन कसंबी."

शांताबाईनं त्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "हौ. असंन. माह्याच्यानंच फाटलं असंन. धावपळीत ध्यान नाही राह्यलं." आणि वर, देवा, तिनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "येतो साहेब."

चोराच्या उलट्या बोंबा उमाबाईंनी आयुष्यात पुष्कळ ऐकल्या होत्या, पण अशा ऐकल्या नव्हत्या. दुसऱ्याच्या छातीवर सही करायची, आणि ती सही फाडून त्याच्याच बायकोच्या डोक्यावर खापर फोडायचं. फाटक लागलं. शरदचंद्र पुन्हा खुर्चीत बसले, पाय हलवू लागले आणि उजवीकडं वाकून डब्यात थुंकले. नेहमीसारखं नाही. एकदा, दोनदा, तीनदा थुंकले, नेम धरून.

उमाबाईंनी डब्यात पाहिलं.

राखेवर लाल चिखल, त्यावर पिवळट फेस, आणि फेसातून वर आलेलं कागदाचं एक टोक. ते बुडावं म्हणून हा माणूस थुंकत होता.

उमाबाई खाली बसल्या. नाकाला पदर लावला नाही, वर्तमानपत्र घेतलं नाही. बाही वर केली आणि हात घातला. कोमट होतं. त्या कोमटपणानं त्यांना खरी उलटी आली. घशापर्यंत आलेलं कडू पाणी त्यांनी गिळलं. बोटांना सुपारीचे तुकडे लागले, काहीतरी बुळबुळीत लागलं. त्याच्याखाली कागदाचा पट्टा होता, चुरगळून गोळी केलेला. तो धरला आणि ओढून काढला.

"उमा! बावळी झाली काय? टाक ते!"

त्या परसातल्या नळाकडं चालू लागल्या. शरदचंद्र मागं मागं.

"अगं, पोलिसांत गेलं त काय होईन मालूम हाय? समाजात तोंड दाखवाले जागा राहणार नाही. इज्जतीचा प्रश्न हाय!"

"इज्जत थुंकून टाकली तुमी," उमाबाई म्हणाल्या. "मी फक्त कागद काढला."

नळाच्या धारेखाली त्यांनी पट्टा हळूहळू उलगडला. बॉलपेनचं अक्षर, धुतलं गेलं नाही. गुड पर्याप्त. दवा की आवश्यकता नहीं. लहान सही. खाली तारीख, चौदा. त्यांनी तो पट्टा स्वच्छ ताटलीवर ठेवला, हात साबणानं दोनदा धुतले, तरी वास गेला नाही. मग आत जाऊन भिंतीवरचा तो प्लास्टिक मारलेला एकाहत्तरचा कागद खिळ्यावरून काढला, कपाटावरचा गोळ्यांचा डबा खाली घेतला आणि दोन्ही आरामखुर्चीत ठेवले, जिथं शरदचंद्र बसायचे तिथं.

"याच्यावरबी हाच शेरा हाय. तुमचाच. आज गोळी घ्या नाहीतर नका घेऊ, मी उद्यापासून डबा उचलणार नाही."

शरदचंद्रांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर वासच आधी आला.

ऑटोनं दवाखाना दहा मिनिटांचा. शांताबाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. उमाबाई आलेल्या पाहून उठून उभी राहिली, पुन्हा बसली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. "आल्या वयनी तुमी. मले वाटलंच होतं, साहेब कोणाले तरी धाडतीन."

डॉक्टर संघमित्रा तिशीच्या आतबाहेरची, डोळ्यांखाली काळं आलेली मुलगी होती. उमाबाईंनी रुमालातून पट्टा काढून दिला. तिनं तो चिमटीत धरला, नाक आक्रसलं, पण वाचला. मग वरचा फाटका कागद मागवून दोन्ही कडा जुळवून पाहिल्या. जुळल्या.

"चौदाला बंद केल्या. म्हणजे अकरा दिवस." तिनं लगेच फोन लावला आणि हिंदीतून भराभर नागपूरला सांगितलं, छल्ला पाच महिन्यांपूर्वीचा, गोळी अकरा दिवसांपासून बंद, रुग्णवाहिका पंधरा मिनिटांत निघते आहे. फोन ठेवून तिनं पुन्हा कागद हातात घेतला. लाल रेघेनं कापलेल्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"सीआरपीवर रेघ मारली! जी ओळ मोठ्यानं ओरडून राह्यली, तीच अप्रासंगिक? हे कोणत्या डॉक्टरनं लिहिलं?"

"डॉक्टर नाही," उमाबाई म्हणाल्या. "माझे मिस्टर. बडे बाबू होते."

संघमित्रानं त्यांच्याकडं पाहिलं.

"आणि या माणसानं खरं मानलं. ठीक आहे, हा अनपढ. पण लिहिते वेळी तिथं कोणी समजदार माणूस नव्हतं काय? थांबवणारं कोणीच नव्हतं?"

शांताबाई मध्येच म्हणाली, "कोण राहीन बाई? साहेब होते, आमी दोघं होतो. अन् या वयनी, चहा घेऊन."

उमाबाईंना वाटलं, आता गप्प बसलं तरी चालेल. तारीख दिली, काम झालं, कोणी आणखी विचारणार नाही. इतकी वर्षं जसे मूग गिळले तसे आणखी एकदा गिळता आले असते. त्यांचा हात अजून शांताबाईच्या हातांत होता.

"मी होते," त्या म्हणाल्या. "गोंदियाच्या डॉक्टरनं मला सगळं समजावून सांगितलं होतं. ही ओळ काय सांगते ते मला माहीत होतं, गोळ्या सोडल्या तर काय होते तेबी माहीत होतं. मी दारात उभी होते. बाण दिसला मले. मी बोलले नाही."

आतून स्ट्रेचरची चाकं वाजू लागली. पियुष सलाइनची बाटली उंच धरून पुढं आला, मागं महागू, डोळे मिटलेला, नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क. संघमित्रा त्यांच्याबरोबर धावत गेली.

शांताबाई उठली. जायची घाई होती, पण ती एक क्षण थांबली. उमाबाईंचा हात तिनं सोडून दिला, आपला हात नाकाजवळ नेला, आणि मग लुगड्याच्या पदरानं एकेक बोट पुसत रुग्णवाहिकेकडं निघून गेली.